सत्संगातला प्रश्न : कुत्र्याला चावायला शिकवणं पाप आहे काय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या महिन्यात एका गुरुवारी भजन संपलं, प्रसाद वाटायला सुरुवात झाली, तेवढ्यात निपाणीकडच्या एका तरुण गुरुबंधूने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, कुत्र्याला चावायला शिकवायचं म्हंजे पाप लागतंय काय हो?"

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण पोरगा गंभीर होता. त्याने बेल्जियन मॅलिनॉ जातीचं पिल्लू आणलंय. सैन्यात, कमांडोंच्या बरोबर दिसतं ते तांबूस अंगाचं, काळ्या तोंडाचं कुत्रं. वर्षाचं व्हायला आलंय. त्याला संरक्षणाच्या खेळासाठी तयार करायचं त्याच्या मनात आहे. यात परीक्षा असते, गुण असतात, स्पर्धा असतात. आणि त्याची आई, जी आपल्यातली जुनी सेवेकरी आहे, तिने जेवण सोडायचंच बाकी ठेवलंय. "ज्या घरात पादुकांची पूजा होते, रोज नैवेद्य होतो, त्या घरात मुक्या जिवाला चावायला शिकवायचं? आणि ते माझ्याच लेकानं?"

हा प्रश्न मी नाव न घालता ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत वीस उत्तरं आली. निम्म्यांनी लिहिलं, घोर पाप. निम्म्यांनी लिहिलं, स्वसंरक्षण हा धर्मच आहे. एकाने चार वर्षांपूर्वीचा सुविचार पाठवला, त्याचा या विषयाशी काही संबंध नव्हता. मी मात्र काहीच लिहिलं नाही. कारण या बाबतीत माझ्याकडे एक जुनं देणं आहे, आणि ते आजवर मी या पत्रात कधी सांगितलेलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मळ्यावर वाघ्या नावाचा कुत्रा होता. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तेव्हा वडिलांनी तो आणला. त्या काळात राखणीचा कुत्रा कसा तयार करायचे ते जुन्या लोकांना माहीत आहे. दिवसभर अंधाऱ्या खोपीत, आखूड साखळीला बांधायचा. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. भाकरीत तिखट कालवून घालायचं, म्हणजे म्हणे तो तापट होतो. मीही घातलंय. पोरं लांबून दगड मारायची, तो भुंकून भुंकून साखळी ताणायचा, आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, "कसला जबर हाय बघा!"

त्या वर्षी ऊसतोडीला बीडकडची टोळी आली होती. त्यांच्यातली एक सहा वर्षांची पोर कळशी घेऊन पाण्याला आली. साखळीची कडी झिजलेली होती, हे आम्हाला माहीत होतं. वाघ्याने तिचा हात कोपराखाली धरला. वडील कट्ट्यावरून ओरडले, "सोड! सोड!" पण हा शब्द त्याला कधी कुणी शिकवलाच नव्हता. शेवटी काठ्या पडायला लागल्या. आणि जसजशा काठ्या पडल्या तसतसा त्याचा जबडा आणखी घट्ट झाला.

पोर वाचली. सरकारी दवाखान्यात टाके पडले, आणि त्या काळात असायची ती पोटातली इंजेक्शनं रोज एक याप्रमाणे तिने घेतली. आम्ही पैसे दिले. टोळी फड अर्धा टाकून दुसरीकडे गेली. वाघ्याला वडिलांनी त्याच संध्याकाळी गड्याकरवी संपवलं. सगळे म्हणाले, कुत्रं पिसाळलं होतं. ते पिसाळलेलं नव्हतं. आम्ही त्याला जे केलं होतं, तेच तो झाला होता. शिक्षा मात्र त्याला झाली.

एवढं सगळं असताना मी त्या पोराला कुठल्या तोंडानं "पाप आहे" म्हणणार, आणि कुठल्या तोंडानं "नाही" म्हणणार? म्हणून मी त्याला म्हटलं, आधी मला तुझा खेळ दाखव.

एका रविवारी सकाळी तो मला घेऊन गेला. हायवेच्या पलीकडे एक पडीक रान आहे, तिथे शिकवणारा येतो. तिथे जे बघितलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात माझ्यासारखंच वेगळंच चित्र असणार.

हा खेळ मूळचा जर्मनीचा. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1899 साली जर्मन शेफर्ड जातीची संस्था काढली. नुसत्या देखण्या कुत्र्यांची पैदास वाढू नये, अंगात काम आणि डोक्यात स्थिरता आहे काय ते तपासावं, म्हणून परीक्षा सुरू झाल्या. पहिली 1901 मध्ये झाली. नाव शुट्झहुंड, म्हणजे राखण करणारा कुत्रा. आज तिला आय.जी.पी. म्हणतात. तिचे तीन भाग. पहिला, माणसाच्या पावलांचा माग वासावरून काढायचा. दुसरा, आज्ञा पाळायच्या. आणि तिसरा संरक्षणाचा. प्रत्येकाला शंभर गुण, प्रत्येकात निदान सत्तर मिळालेच पाहिजेत. म्हणजे चावण्यात शंभर मिळवले आणि आज्ञेत साठ, तर नापास. आणि या सगळ्याच्या आधी एक वेगळी परीक्षा असते. त्यात कुत्रा गर्दीतून, सायकलवाल्याजवळून, पळणाऱ्या माणसाजवळून शांतपणे जातो काय ते बघतात. तिथे जो बिथरतो त्याला पुढचं दार बंद.

तिसऱ्या भागात रानात आडोसे उभे केलेले असतात, वरच्या पातळीला सहा. त्यातल्या एकात हेल्पर लपलेला असतो. त्याच्या हातावर गोणपाटाची जाडजूड बाही. कुत्र्याने आडोसे फिरत त्याला शोधायचं, आणि सापडला की काय करायचं? मला वाटलं, धरायचं. नाही! समोर उभं राहून नुसतं भुंकायचं. माणूस स्थिर उभा असेल तर त्याला दात लावला की गुण गेले. तो पळाला किंवा अंगावर आला तरच धरायचं, तेही बाहीला. आणि मालकाने "सोड" म्हटलं की तत्क्षणी सोडायचं. एकदा सांगून सोडलं नाही तर आणखी दोनदा सांगायची मुभा. तरीही नाही सोडलं, तर कुत्रा मैदानाबाहेर. आधीचे सगळे गुण वाया.

मी तिथे बांधावर बसून राहिलो. पोराचा कुत्रा अजून शिकाऊ आहे, पण तिथे दुसरा एक तयार कुत्रा होता. पळत्या हेल्परच्या बाहीला त्याने अशी झेप घेतली की तो धिप्पाड माणूस अर्धा फिरला. आणि एका शब्दावर तोंड उघडलं, मागे सरला, बसला. डोळे चमकतायत, शेपटी हलतेय. रागाचा मागमूस नाही. मग हेल्परने बाही हातातून सोडून दिली, तर हे कुत्रं ती तोंडात धरून लग्नातल्या वरमाईसारखं मिरवत गेलं.

शिकवणाऱ्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून मनात घोळवतोय. म्हणाला, "काका, कुत्रं कसं धरतंय बघा. निर्भय असलं की पूर्ण तोंड भरून, शांत धरतंय. भ्यालेलं असलं की पुढच्या दातांनी, चावून चावून धरतंय, आणि सोडत नाही. सोडलं तर आपण मरणार असं त्याला वाटतंय." म्हणून चांगला शिकवणारा सुरुवात धाकाने करत नाही. पिल्लू असताना चिंधी ओढायचा खेळ, मग गोणपाट, मग बाही. आणि "सोड" कसं शिकवतात? मारून नाही. सोडलं की लगेच पुन्हा धरायला मिळतं. असं शंभरदा झालं की त्याला कळतं, सोडण्यात आपलं काही जात नाही.

मला वाघ्या आठवला. त्याला सोडण्यात सगळंच जाणार होतं.

आपल्या दत्तसंप्रदायात अवधूताचे चोवीस गुरू आपण ऐकतो. त्यात कुत्रा नाही, पण कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याला टोचत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. हे आख्यान आपण कितीदा ऐकलं असेल. पण कुरराने टाकलं ते टोचण्या असह्य झाल्यावर. इथे मी बघितलं ते वेगळं होतं. ताकद पूर्ण आहे, तोंडात हवं ते आलंय, कुणी मारत नाही, आणि तरी एका विश्वासाच्या शब्दावर ते सोडून दिलंय. आम्ही इतकी वर्षं माळ ओढतोय, पण साधी पंगतीत मानाची जागा सुटत नाही. (हे मी माझ्याबद्दल लिहितोय, कुणी अंगाला लावून घेऊ नये.)

तालमीत गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोल्हापूर, बेळगाव, आपल्या गावोगावच्या तालमी. तिथे वस्ताद काय शिकवतो? माणसाची मान मोडेल असा डाव शिकवतो, आणि तो किती ठिकाणी वापरायचा नाही तेही शिकवतो. पैलवानाला रस्त्यात कुणी धक्का मारला तर तो हसून बाजूला होतो. कच्चा असतो तोच बाह्या सारतो. ताकद अंगात असणं यात पाप नाही. मला वाटतं आपल्या भगिनीची पहिली चूक तिथे होती, तिने दातालाच हिंसा समजलं. दात देवाने दिलेत. हिंसा दाताच्या मागे असते.

पण म्हणून मी पोराला "कर बाबा" म्हटलं नाही. परत येताना गाडीत त्याला विचारलं, "हे सगळं खरं. पण तुला हे कशाला पायजे?"

आधी म्हणाला, आवड आहे. मग म्हणाला, रानात एकटं घर आहे, बिबट्याचं भ्या असतंय. हे काही खोटं नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगावात गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या आला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद, सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणले तरी सापडला नाही. तेव्हा आमच्या गल्लीत जो तो मोठा कुत्रा आणायची भाषा करत होता. पण बिबट्यापुढे कुत्रा सोडणं म्हणजे कुत्र्याचाच बळी, हे त्यालाही ठाऊक आहे. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग खरं बोलला. बांधाचा वाद आहे. चुलत्यांनी दोन सरी जमीन आत घेतली असं याचं म्हणणं. कोर्टात तारखा पडतायत. कुत्र्याचं घर तो नेमकं त्याच बांधावर बांधत होता, चुलत्यांच्या दाराकडे तोंड करून. "चावायला नको हो काका. नुसता धाक बसूदे की."

मंडळी, मला वाटतं प्रश्न इथे होता. आईला वाटत होतं प्रश्न कुत्र्याच्या तोंडात आहे.

मी त्याला म्हटलं, अरे, त्या मैदानात कुत्र्याच्या मनात वैर नाही. त्याला हेल्परचा राग नाही, खेळ संपल्यावर तो त्याच हेल्परजवळ जाऊन उभा राहतो. वैर तुझ्या मनात आहे आणि दात तू त्याचे वापरणार. भाऊबंदकी त्याला काय कळणार? उद्या चुलत्याचं नातवंड चेंडू आणायला बांध ओलांडून आलं, तर बांध कुठला आणि पोर कुणाचं हे तो कसं ओळखणार? आणि मग वाघ्याचं झालं तेच याचं होणार.

कायद्याचंही थोडं सांगितलं, कारण आजची पोरं पापाला भीत नाहीत पण कलमाला भितात. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने तेवीस प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं, ते परिपत्रक आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. त्यामुळे जातीवर बंदी नाही. पण जबाबदारी सुटत नाही. जनावर नीट आवरलं नाही आणि त्यापासून माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात एक गोष्ट आहे, ती मळेवाल्या सगळ्यांनी ऐकून ठेवा : कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणं हासुद्धा गुन्हा आहे. आमच्या वेळीही तो कायदा होता. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, तीही लिहितो. कुत्र्याने हा खेळ मागितला होता काय? करंडक माणसाच्या कपाटात जाणार. आपल्या हौसेसाठी दुसऱ्या जिवाचा स्वभाव आपण घडवायचा, याला आपला अधिकार कुठून आला? शिकवणारा म्हणतो, ही जात शंभर वर्षांवर कामासाठीच जोपासलेली, तिला काम न देता दारात बांधली तर ती वेडीपिशी होते. हे खरं आहे. पण मग अशी जात आणायचीच कशाला, हा प्रश्न उरतोच. व्हिडिओ बघून पिल्लं आणणाऱ्यांना मी हेच म्हणेन. रोज दोन तास द्यायची तयारी नसेल तर आणू नका. प्रत्येक जिवाचा आपापला धर्म असतो. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ कुत्रंच बघा. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ती जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली, 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं, 2016 साली सैन्याने मेरठच्या केंद्रात पिल्लं नेली. पण ते नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं. त्याला साखळीला बांधून तिखट घालून "चाव" म्हणायचं म्हणजे हरणाला नांगराला जुंपण्यासारखं. तरी आपल्या भागात ते चालतं.

आमच्या देवघरात दत्तमहाराजांची जुनी तसबीर आहे, निपाणीच्या बाजारात आजोबांनी घेतलेली. पायाशी चार कुत्री. चार वेद म्हणतात त्यांना. या सगळ्या प्रकारानंतर एकदा पूजेला बसलो असताना लक्षात आलं, त्यातल्या एकाच्याही गळ्यात साखळी नाही. साठ वर्षं ती तसबीर बघतोय, कधी दिसलं नव्हतं.

आता पुढचं. पोराने बांधावरचं बांधकाम थांबवलं. चार फुटांचा पाया झाला होता, विटा परत उचलून घराच्या मागच्या अंगाला नेल्या. चुलत्यांशी बोलणं अजून नाहीच, उगाच गोड करून सांगत नाही. पण परवा त्यांची सून विटा हलताना बघून आईला विचारत होती म्हणे, "हिकडं का नको?" आईने काय उत्तर दिलं ते पोराने सांगितलं नाही.

आईला मी मैदानावर यायला सांगितलं. नको नको म्हणत आली, पदर तोंडाला लावून लांब उभी राहिली. खेळ संपल्यावर तिने शिकवणाऱ्याला एकच गोष्ट विचारली. कुत्र्याला सोडायचा हुकूम जर्मन भाषेत शिकवत होते, "आउस". आमच्या ऊसपट्ट्यात तो शब्द ऐकून मलाही आधी वाटलं होतं, उसाबद्दलच काहीतरी चाललंय. ती म्हणाली, "हे इंग्रजी मला म्हणायला येत नाही. माझा लेक गावाला गेला तर मी काय म्हणायचं? गड्यानं काय म्हणायचं?"

शिकवणारा हसला, मग विचारात पडला. म्हणाला, कुत्र्याला भाषा नसते मावशी, शब्द कुठलाही चालतो, पण मग घरातल्या प्रत्येकाने रोज सराव करायला लागेल.

तेव्हापासून शब्द बदललाय. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती अंगणात येते. कुत्र्याच्या तोंडात नारळाचं सोडण असतं. ती पाच हात लांब उभी राहते, अजून भिते, आणि भजनात म्हणावं तशा आवाजात म्हणते, "सोड बाळा." पहिले आठ दिवस त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. नवव्या दिवशी टाकलं. आता तिचा हट्ट असा आहे की कार्तिकात टोळी आली की त्यांच्या पोरांनाही हा शब्द म्हणायला शिकवायचा, कुत्र्यासमोर उभं करून, पोराने पट्टा हातात धरून.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!